कर्नलच्या माळ्यावरची अडगळ

मुलांनो, दिवाळी जवळ आली की आपल्या भूगावात घरोघरी माळे उतरवले जातात. तुटकी बादली, झाकण हरवलेला डबा, बंद पडलेला रेडिओ. एक जण म्हणतो, "टाकून द्या." दुसरा म्हणतो, "राहू द्या, लागेल कधीतरी." हाच वाद संगणकाच्या पोटातही चालतो, ठाऊक आहे?

संगणकाचं यंत्र आणि तुमचा खेळ यांच्यामध्ये एक कारभारी प्रोग्राम असतो. कुणाला किती मेमरी द्यायची, दाबलेलं अक्षर कुठं पोचवायचं, हे तो बघतो. त्याचं नाव कर्नल. (लष्करातले कर्नल वेगळे, बरं का!) लिनक्स हा कर्नल १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं लिहायला घेतला. त्याच वर्षी इकडे पुण्यात सी-डॅकनं 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. आजचे परम महासंगणक लिनक्सवरच चालतात आणि घरातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच असतो. जगभरच्या लोकांनी भर घालत घालत त्याच्या ओळी तीन कोटींच्या वर नेल्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल, न वापरलेल्या ओळी पडून राहिल्या तर बिघडलं कुठं? ऐका तर. २००५ मध्ये 'डीसीसीपी' नावाची, नेटवर्कवरून माहिती धाडायची एक पद्धत लिनक्समध्ये आली. वापरणारे अगदी थोडे, म्हणून निरखून बघणारेही थोडे. २०१७ मध्ये तिच्यात भगदाड सापडलं! साधा वापरकर्ता म्हणून आत आलेला माणूस त्यातून सगळ्या संगणकाचा मालक होऊ शकत होता. अकरा वर्षं मागचं दार उघडं! भगदाड लगेच बुजवलं, पण पद्धत तशीच राहिली. २०२३ मध्ये सूचना लावली, की ही २०२५ मध्ये काढणार आहोत, वापरत असाल तर कळवा. आणि २०२५ मध्ये खरंच काढली. अशी दोन वर्षं वाट बघणं मला फार आवडलं.

दुसरी अडगळ हेडर फायलींची. हेडर म्हणजे नावांची वही. प्रत्येक फायलीच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, 'आधी या वह्या वाच.' काही वह्या सर्वांच्या, काही खासगी, म्हणजे एकाच विभागापुरत्या. खासगी वही सर्वांच्या फळीवर राहिली की भलतेच लोक तिच्यावर विसंबतात. मग तिच्यात एक शब्द बदलला की दूर कुठंतरी मोडतं. शिवाय एक वही दुसरीला ओढते, दुसरी तिसरीला, आणि कर्नल नव्यानं बांधताना संगणक त्या पुन्हा पुन्हा वाचत बसतो. जानेवारी २०२२ मध्ये हंगेरीच्या इंगो मोल्नार यांनी ही गुंतागुंत सोडवणारे सुमारे २३०० बदल मांडले. त्यांनी बांधणीचा वेग ५० ते ८० टक्के वाढतो, असं त्यांचं मोजमाप होतं.

टाकायचं काय, हे नुसत्या वयावरून मात्र ठरत नाही हं. टोरवाल्ड्सनी ज्या ३८६ चिपवर लिनक्स सुरू केला, तिच्यासाठीच्या ओळी डिसेंबर २०१२ मध्ये काढल्या. फ्लॉपीचा भाग मात्र २०१९ मध्येही राहू दिला. चालू फ्लॉपी यंत्र मिळणं तेव्हा मुश्कील झालं होतं, पण संगणकाच्या आत चालवले जाणारे आभासी संगणक तो भाग वापरत होते.