तासाभराचे वीर

परवा माझा धाकटा भाऊ आमच्याकडे मुक्कामाला होता. पोरगी निजल्यावर त्याने लॅपटॉप उघडला, तासभर बटणे बडविली आणि एका अक्राळविक्राळ राक्षसाचा फडशा पाडून चिलखत मिळविले. एवढा पराक्रम करूनही स्वारीचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा!

"काय रे, राक्षस मेला ना?"

"मेला रे दादा. पण बरोबरच्या चोवीस जणांपैकी एकाचं नाव सांगता येईल तर शपथ!"

वाचकहो, हा खेळ म्हणजे २००४ साली अमेरिकेत निघालेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. दरमहा वर्गणी भरावी आणि घरबसल्या परमुलखातल्या लोकांबरोबर लढावे. आरंभी त्यातले बडे राक्षस मारायला ४० जणांची फौज लागे. लूट मोजकी आणि हात चाळीस. तेव्हा टोळ्यांनी चक्क हजेरीपट ठेवले. मोहिमेला आलात की गुण, आणि गुण खर्चून चिलखत! मोहीम अमेरिकेतल्या संध्याकाळी निघे, म्हणून आमचे बंधुराज पहाटे साडेपाचाला उठत. पोरगा अभ्यासाला बसतो अशा समजुतीने आई दूध आणून देई.

२००६ मधला 'नॅक्सरामस' हा किल्ला तर फारच थोड्यांना आतून पाहता आला. एवढ्या मेहनतीने रचलेली दालने ओसच! कंपनीने २००८ मध्ये तो १० आणि २५ जणांच्या फौजांसाठी पुन्हा उघडला, आणि २०११ पासून तर यंत्रच अनोळखी २५ जणांची मोट बांधून देऊ लागले. राक्षस मवाळ, चिलखत थोडे कमी प्रतीचे. जुने खेळाडू खवळले. आम्ही रात्री जागविल्या त्या कशासाठी?

माझा पहिला कौल त्यांच्याच बाजूने पडला. गाईड वाचून पदवी मिळविणारे मी रोज पाहतो ना! पण भावाने एक हकीकत सांगितली आणि माझा मुद्दा लंगडा झाला. 'रॅग्नारोस' नावाचा राक्षस प्रथम पडला तो २००५ मध्ये, खेळ निघाल्यावर पाच महिन्यांनी. २०१९ मध्ये कंपनीने तोच जुना खेळ पुन्हा चालू केला, तेव्हा एका टोळीने त्याला आठवड्याच्या आत लोळविले. म्हणजे वाट ठाऊक झाल्यावर उरली ती मुख्यतः सवड. सवडीलाच सुवर्णपदक द्यायचे, तर ते पेन्शनरांना आणि कॉलेजकुमारांनाच मिळणार! कचेरी, लोकल आणि लेकराचा ताप सांभाळणाऱ्याने वर्गणी मात्र तेवढीच भरायची. हजेरीचे गुण मीही देतो, पण नुसत्या हजेरीवर पहिला वर्ग देत नाही.

तेव्हा किल्ला सर्वांना दाखवावा, उत्तम चिलखत मात्र अवघड वाटेने जाणाऱ्यालाच द्यावे, असा निवाडा मी देऊन टाकला.

"ते तसंच आहे रे," भाऊ म्हणाला. "चिलखताचं मला काही नाही. पूर्वी एक चुकला की चाळीस मरायचे. मग अर्धा तास भांडण, मग हसणं. आता चुकलं तरी कुणी बोलत नाही. राक्षस मेला की सगळे नाहीसे."

यावर मला तोडगा सुचेना. चाळीस माणसांची सवड कुठल्या कंपनीने वाटायची?

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तो दिवाणखान्यात उजेड. स्वारी कानाला यंत्र लावून कुजबुजत होती. मला पाहताच हात वर करून म्हणाला, "जुन्यांपैकी सहा जण सापडलेत!"

मी स्वयंपाकघरात जाऊन दूध तापत ठेवले.