शाळेच्या दुरुस्तीसाठी कर्ज : आधी कौल, मग काम

पावसाळा तोंडावर आला की जुन्या शाळांच्या व्यवस्थापनांपुढे गच्चीची गळती, भिंतींतील ओल आणि गंजलेल्या सळ्या यांचा प्रश्न उभा राहतो. घाटकोपरच्या भाविकांनी हा प्रश्न केवळ खर्चाचा मानू नये. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपर पश्चिमेतील साईदर्शन ही चार मजली इमारत कोसळली व 17 जणांना प्राण गमवावे लागले. ती शाळा नव्हती. परंतु इमारतीच्या आरोग्याकडे दुर्लक्ष करणे किती महागात पडते, हे त्या दिवशी आपण पाहिले. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353-ब नुसार 30 वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीयरकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. तपासणी होते, अहवाल हाती येतो. मग प्रश्न उरतो पैशाचा.

अमेरिकेतील अनेक राज्यांत सरकारी शाळांसाठी हा प्रश्न मतपेटीतून सोडविला जातो. शाळामंडळ कामांची यादी व खर्चाचा अंदाज मांडते आणि कर्जरोखे काढावेत की नाहीत, यावर परिसरातील मतदार कौल देतात. रोख्यांची परतफेड त्यांच्याच मालमत्ता करातून होत असल्यामुळे हा अधिकार त्यांचा मानला जातो. कॅलिफोर्निया राज्यात पूर्वी यासाठी दोन तृतीयांश मते लागत. 2000 सालच्या सुधारणेने ही अट 55 टक्क्यांवर आली, परंतु सोबत बंधनेही आली : कामांची यादी आधी जाहीर करावी, हा पैसा पगारावर खर्च करू नये, दरवर्षी लेखापरीक्षण व्हावे आणि नागरिकांची देखरेख समिती असावी. त्या समितीत शाळामंडळाचे नोकर वा कंत्राटदार बसू शकत नाहीत.

आपल्याकडे असे सार्वमत नाही. पुणे महानगरपालिकेने 2017 साली पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटी रुपयांचे कर्जरोखे 7.59 टक्के व्याजाने काढले. पण त्यासाठी नागरिकांचे मतदान झाले नाही. महापालिका शाळांच्या दुरुस्तीचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकातून होतो. संस्थांच्या अनुदानित शाळांना शासनाचे अनुदान मुख्यत्वे वेतनासाठी मिळते. इमारतीचा भार संस्थेवरच पडतो. शुल्क मनाला येईल तसे वाढविता येत नाही आणि प्रवेशासाठी देणगी घेण्यास 1987 च्या कायद्याने बंदी आहे.

उरतात दोन मार्ग : ऐच्छिक देणगी आणि कर्ज. सार्वजनिक न्यासासाठी कर्ज काढताना विश्वस्तांना कायद्याचे नियम पाळावे लागतात. शिवाय कर्जाचे गणित आधी समजून घ्यावे. उदाहरणादाखल, 1 कोटी रुपये 10 टक्के व्याजाने 10 वर्षांसाठी घेतले तर दरमहा सुमारे 1 लाख 32 हजार रुपये हप्ता पडतो आणि एकूण परतफेड सुमारे 1 कोटी 59 लाखांची होते. हा हप्ता शेवटी कोणाच्या खिशातून जाणार, हे सही करण्यापूर्वी सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

येथेच त्या दूरदेशीच्या प्रथेपासून आपण बोध घ्यावा, असे आम्हांस वाटते. मतपेटी नसली तरी तिच्यामागील तत्त्व आपल्याला परके नाही. ख्रिस्तसभेच्या 1983 च्या धर्मसंहितेत कलम 537 प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असावी असे सांगते. कलम 1267 नुसार विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे लागते आणि कलम 1287 नुसार भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा लागतो.

म्हणून शाळेच्या दुरुस्तीचा विषय निघेल तेव्हा इंजिनीयरचा अहवाल पालक-शिक्षक संघापुढे आणि धर्मग्रामापुढे सोप्या मराठीत मांडावा. तातडीचे काम व सोयीचे काम यांच्या याद्या वेगळ्या कराव्यात. छताच्या सळ्या आधी, संगणक कक्ष नंतर. दुरुस्ती निधीचे बँक खाते स्वतंत्र असावे आणि ज्यांचा कंत्राटाशी संबंध नाही अशा जाणकार प्रापंचिकांनी त्यावर देखरेख ठेवावी. दर तीन महिन्यांनी जमाखर्च फलकावर लागावा.

भाविकांनीही आपली बाजू ओळखावी. सभेला न येता बाहेर कुरकुर करणे सोपे आहे. अहवाल वाचणे, प्रश्न विचारणे, कौल देणे आणि कौल दिल्यावर आपला वाटा उचलणे, हे आपले कर्तव्य होय. त्या छताखाली बसणारी मुले आपलीच आहेत.