वरिष्ठांचे पाठबळ

वरिष्ठांचे पाठबळ ही संघटनात्मक मानसशास्त्रातील एक संकल्पना आहे. आपला निकटचा वरिष्ठ आपल्या कामाची कदर करतो आणि आपल्या हिताची काळजी घेतो, असे कर्मचाऱ्याला कितपत वाटते यावरून हे पाठबळ मोजले जाते. रजा, पाळी, वार्षिक मूल्यमापन या सर्व बाबतींत कर्मचाऱ्याची गाठ वरिष्ठाशीच पडत असल्याने त्याच्या वागणुकीवरूनच संस्थेविषयीचे मतही बनते.

संशोधन

एडविन फ्लेशमन आणि एडविन हॅरिस यांनी १९६२ मध्ये ट्रक बनविणाऱ्या एका कारखान्यातील ५७ मुकादमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामगारांविषयी आस्था न बाळगणाऱ्या मुकादमांच्या हाताखाली तक्रारी आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण अधिक आढळले. मात्र हा संबंध सरळ रेषेतला नव्हता. आस्था एका मर्यादेखाली गेली की तक्रारी झपाट्याने वाढत. त्या मर्यादेपुढे ती आणखी वाढल्याने फारसा फरक पडत नसे. आस्था बाळगणाऱ्या मुकादमाने कामाचा काटेकोरपणा वाढविला, तरी तक्रारी विशेष वाढत नसत. त्यामुळे पाठबळ म्हणजे ढिलाई, हा प्रचलित समज या अभ्यासापुढे टिकत नाही.

प्रतिकूल वर्तन

चारचौघांत पाणउतारा करणे, टोमणे मारणे, बोलणेच टाकणे, दुसऱ्याच्या कामाचे श्रेय लाटणे असे वर्तन सातत्याने घडल्यास त्याला अपमानकारक पर्यवेक्षण म्हणतात. शारीरिक मारहाण त्यात मोडत नाही. बेनेट टेपर यांच्या २००० मधील अभ्यासानुसार अशा वरिष्ठांच्या हाताखालील कर्मचारी नोकरी सोडण्याची शक्यता अधिक असते. जे राहतात त्यांच्यात असमाधान, मानसिक ताण आणि घर व नोकरी यांतील ओढाताण अधिक दिसते. दुसरी नोकरी सहज मिळण्याजोगी नसलेल्यांना याची झळ अधिक बसते. असे बरेचसे अभ्यास कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेले असल्याने कार्यकारणभावाविषयी सावधगिरी आवश्यक ठरते.

चुकांची नोंद

एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास केला (१९९६). चांगल्या परिचारिका-प्रमुखांच्या कक्षांत चुका कमी आढळतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथे त्या अधिक नोंदल्या गेल्या होत्या. अशा कक्षांतील परिचारिका चूक निःसंकोचपणे सांगत, तर धाक असलेल्या कक्षांत ती दडपली जाई, असे स्पष्टीकरण एडमंडसन यांनी दिले. दडपलेल्या चुकीचा धोका अर्थातच रुग्णाला होता.