पाच ट्रॅकांची नअत

मिरजेत आमच्या मोहल्ल्यातील मिलादच्या महफिलीची सुरुवात जवळपास तीस वर्षे आमच्या अब्बांच्या नअतने होत असे. दोन वर्षांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला. अल्लाहच्या कृपेने आजार बरा झाला, पण दम पूर्वीसारखा राहिला नाही. जी ओळ ते एका श्वासात पढत, तिच्यात आता दोनदा थांबावे लागे. त्या वर्षी त्यांनी घसा बसल्याचे कारण सांगितले. पुढच्या वर्षी त्यांना कोणी विचारलेच नाही. त्या रात्री अब्बा मागच्या ओळीत बसून ऐकत राहिले आणि घरी आल्यावर नअतांची वही त्यांनी कपाटात वर ठेवून दिली.

त्या वहीत एक नअत आहे. मोहल्ल्यातील एका मरहूम शायरांनी ती लिहिली होती. ती कुठे छापली गेली नाही. शब्द अब्बांच्या अक्षरात वहीत सुरक्षित आहेत, पण तिची तर्ज कुठेच लिहिलेली नाही. ती फक्त अब्बांच्या गळ्यात आहे. आम्हा दोघा नवराबायकोला ही गोष्ट सतत टोचत होती. एकदा आम्ही मोबाइल समोर ठेवून ती रेकॉर्ड करायला बसलो. तिसऱ्या बंदाला त्यांना खोकला आला. अब्बांनी फोन हाताने बाजूला सारला आणि म्हणाले, "राहू द्या."

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या मुलीने तोडगा काढला. ती यंदा दहावीत गेली आहे. "दादाजान, एका दमात पढायची गरजच नाही. आपण तुकड्यातुकड्यानं करू. मल्टी-ट्रॅक!" शेजारच्या मराठी काकूंना अम्मींनी ही बातमी सांगितली, तेव्हा त्या गोंधळल्या. "नातीची नात? अहो, ती तर दहावीत ना?" मराठीतील नात वेगळी आणि पैगंबर (स.) यांच्या स्तुतीची उर्दूतील नअत वेगळी, हे समजावताना घरभर हसू पसरले.

मल्टी-ट्रॅक म्हणजे काय, हे आम्हालाही मुलीकडूनच शिकावे लागले. भूगोलाच्या तासाला आपण एका ट्रेसिंग पेपरवर नद्या काढतो, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर गावे. तिन्ही कागद एकमेकांवर ठेवले की पूर्ण नकाशा दिसतो, आणि रस्ता चुकला तर नदी पुसावी लागत नाही. आवाजाचेही तसेच. प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर घ्यायचा आणि शेवटी सगळे एकत्र ऐकायचे.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल यांनी १९४८ मध्ये 'लव्हर' या गाण्यात गिटारचे आठ भाग स्वतःच वाजवून, तबकड्यांवर एकावर एक चढवले होते. १९७९ मध्ये टास्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारे 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र आणले आणि स्टुडिओतील हे काम हौशी माणसाच्या घरात शिरले. २००० सालापासून 'ऑडॅसिटी' नावाचे सॉफ्टवेअर तर मोफत मिळते. आम्ही तेच घेतले. त्याच्यासोबत एक साधा यूएसबी माइक आणि तारेचा हेडफोन, एवढेच आमचे सामान.

पहिली रात्र फुकट गेली. माइक इतका तिखट कानाचा निघाला की पंखा, फ्रिज, गल्लीतली रिक्षा, कुकरची शिटी सगळेच त्यात उतरले. मग इशाच्या नमाजनंतर रेकॉर्डिंग करायचे ठरले. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद, आणि मे महिना! कपड्यांचे कपाट उघडे ठेवून त्याच्या समोर अब्बांना बसवले, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टाकल्या. त्यामुळे खोलीचा घुमारा गेला. 'फ' आणि 'भ' आले की माइकवर फुंकर बसायची. अम्मींनी भरतकामाच्या रिंगमध्ये जुन्या ओढणीचा तुकडा ताणून दिला. तो माइकसमोर बांधल्यावर फुंकर थांबली.

दुसरी चूक आमच्या अतिहुशारीची. ताल सुटू नये म्हणून आम्ही हेडफोनमध्ये मेट्रोनोमची टकटक लावली. अब्बा दोन ओळी पढून थांबले. "ही नअत आहे, कवायत नाही," ते म्हणाले. खरेच होते. ही तर्ज श्वासाच्या आणि शब्दाच्या वजनावर चालते, घड्याळावर नाही. शिवाय हेडफोनमधली टकटक माइकमध्येही झिरपली होती. आम्ही ती काढून टाकली.

टकटक गेली, पण सूर सुटला. कसल्याही आधाराशिवाय पढताना आवाज हळूहळू उतरतो आणि उतरतोय हे पढणाऱ्याला कळत नाही. शेवटचा बंद पहिल्याच्या मानाने जवळजवळ अर्धा सूर खाली आला होता. एरवी हे चालून गेले असते. पण वेगवेगळ्या दिवशी घेतलेले तुकडे जोडायचे, वर मुलांचे आवाज चढवायचे, तर सगळ्यांचा षड्ज एकच हवा.

मिरजेत राहून याचे उत्तर दूर शोधायला नको होते. हे गाव तंबोऱ्यांचे. इथल्या कारागिरांच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ मध्ये ते वारले. त्यांच्या काळच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असे आणि गवय्या, साथीदार सगळ्यांना एकाच वेळी, एकाच दमात ती भरावी लागे. आमच्यासारखी चैन त्यांना नव्हती. ओळखीच्या एका कारागिरांनी दुकानातला तंबोरा पांढरी एकला लावून दिला आणि दहा मिनिटे छेडून आम्हाला रेकॉर्ड करू दिला. अब्बा पूर्वी काळी दोनमध्ये पढत. आता पांढरी एकच त्यांना झेपते, हे त्यांनी स्वतःच सांगितले. सांगताना ते आमच्याकडे पाहत नव्हते.

अम्मींनी मात्र हरकत घेतली. नअतमध्ये बाजा त्यांना पटत नाही. वाद्यांबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत आणि घरात आम्हीही सगळे एका मताचे नाही. पण ज्या घरात अम्मी राहतात, तिथे त्यांचे मन दुखवून नअत करायची, हे कोणालाच नको होते. इथे मल्टी-ट्रॅकच मदतीला आला. तंबोरा पहिल्या ट्रॅकवर ठेवायचा, तो फक्त हेडफोनमध्ये पढणाऱ्याला ऐकू येईल. शेवटी तो ट्रॅक बंद करायचा. ऐकणाऱ्यापर्यंत केवळ माणसांचे आवाज पोहोचतील. अम्मींनी हेडफोन कानाला लावून दोन्ही प्रकारे ऐकून पाहिले, मग म्हणाल्या, "आधार पाठीमागं राहिला तर हरकत नाही."

दुसरा ट्रॅक अब्बांचा. रोज एकच बंद, कधी दोनच ओळी. दम लागला की थांबायचे, पाणी प्यायचे, तंबोरा पुन्हा ऐकायचा. असे अकरा दिवस चालले. जोडकाम आमच्या मुलीने केले. तुकडा कुठे कापायचा, हे तिला चुकत चुकत कळले. श्वास घेण्याच्या आधीच्या शांततेत कापले तर जोड कळत नाही. श्वासानंतर कापले तर आवाज शून्यातून उगवल्यासारखा वाटतो. तिने आधी सगळे श्वास पुसून टाकले होते. ते ऐकून आम्हीच दचकलो. गळा अब्बांचा, पण माणूस गायब. श्वास परत आणले.

नवव्या दिवशी अब्बांनी विचारले, "ऐकणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्यानं एका दमात पढली. हे खोटं नाही का?"

आम्हा दोघांनाही लगेच उत्तर सुचले नाही. वर्गात आम्ही मुलांना दुसऱ्याचे पाहून लिहू नका असे सांगतो. इथे दुसऱ्याचे काही नव्हते, पण कालचा दम आज लावून दाखवत होतो, हेही खरे. त्यातच एका भाच्याने फोनवर सांगितले की सॉफ्टवेअरने अब्बांचा थरथरता सूर सरळ करता येतो, कोणाला कळणारही नाही. 'कोणाला कळणार नाही' हे ऐकले आणि अब्बांचा प्रश्न आम्हाला नीट समजला. सूर सरळ करायचा नाही, हे तिथेच ठरले. तुकड्यांबाबतचा निर्णय अब्बांनीच दिला. त्यांनी सुरुवातीला आपल्या आवाजात एक वाक्य रेकॉर्ड केले: "ही नअत मी अकरा दिवसांत, थांबत थांबत पढली आहे." त्यानंतर ते मोकळेपणाने पढू लागले.

तिसरा ट्रॅक मुलीचा, चौथा धाकट्या मुलाचा. प्रत्येक बंदाची शेवटची ओळ दोघांनी दादाजानच्या मागून उचलायची. टकटक नसल्याने ओळ कधी उचलायची, हे कानानेच कळायला हवे. धाकटा प्रत्येक वेळी पुढे पळायचा. शेवटी हेडफोनमध्ये त्याने अब्बांचा आवाज ऐकायचा आणि समोर अब्बांनी स्वतः बसून हाताने इशारा करायचा, अशी युक्ती केली. अब्बांना काहीच ऐकू येत नव्हते. ते फक्त त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तरी हात बरोबर जागेवर उठत होता.

इथे आणखी एक अडचण आली. मुलांचे आवाज पापणी लवण्याइतके उशिरा वाजत. दोष मुलांचा नव्हता. आवाज माइकमधून लॅपटॉपमध्ये जायला थोडा वेळ लागतो. सॉफ्टवेअरमध्ये तो उशीर भरून काढणारा आकडा असतो. तो बदलत बदलत आम्ही ताळमेळ बसवला. ब्लूटूथच्या हेडफोनने हा उशीर वाढतो, म्हणून तारेचाच बरा.

पाचवा ट्रॅक कुवेतहून आला. थोरले भाऊ तिथे नोकरी करतात. लहानपणी ते अब्बांच्या शेजारी बसून हीच ओळ उचलत. अब्बांच्या ट्रॅकच्या सुरुवातीला आम्ही तीन टाळ्या घातल्या होत्या. त्या ऐकून भाऊंनीही तीन टाळ्या वाजवल्या आणि मग पढले. टाळीवर टाळी बसवली की दोन देशांतले आवाज एका जागी येतात. त्यांनी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, कारण साधा व्हॉइस मेसेज आवाज पातळ करतो. त्यांच्या खोलीतला एसी मागे घुमत होता. आम्ही तो तसाच राहू दिला.

ज्यांच्या घरी असे गळे आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आवाजाचा काटा लाल रंगाला लागू देऊ नका. हळू घेतलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. मूळ ट्रॅक एमपीथ्री नव्हे, डब्ल्यूएव्ही स्वरूपात आणि निदान दोन ठिकाणी जपून ठेवा. शेवटी मिसळताना एखादा आवाज दबतोय असे वाटले, तर आधी बाकीचे कमी करून पाहा. आम्ही प्रत्येकाचा वाढवत गेलो आणि अब्बाच हरवले होते.

काम पुरे झाले त्या रात्री तंबोऱ्याचा ट्रॅक बंद करून सगळे ऐकायला बसलो. आधी अब्बांचे ते एक वाक्य, मग नअत. सव्वापाच मिनिटे कोणी हलले नाही. संपल्यावर अम्मींनी दुआ केली. मुले अब्बांकडे पाहू लागली.

"दुसऱ्या बंदात मी घाई केलीय," अब्बा म्हणाले. "तर्ज तशी नाही. तिथं आवाज ठेवायचा असतो."

दुसऱ्या दिवशी फजरनंतर अंगणातून आवाज आला. कपाटावरची वही खाली आली होती. अब्बा दुसरा बंद पढत होते, दोनदा थांबत, पुन्हा पहिल्यापासून. धाकटा अर्धवट झोपेत उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

रबीउल अव्वलला अजून वेळ आहे. लॅपटॉपवर दुसऱ्या बंदाची जागा आम्ही मोकळी करून ठेवली आहे.