चिमटा किती लांब?

आमचं गाव किकवी. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की कापूरहोळ मागे पडल्यावर हायवेवर लागतं ते. आता लेखाचा विषय आहे वाळूच्या टेकड्यांवर चालणाऱ्या चारचाकी एटीव्हीचा, आणि तुम्ही म्हणाल, भोर तालुक्यात वाळूच्या टेकड्या कुठून आल्या? नाहीतच! पण माझ्या डोक्यात हा विषय शिरला तो आमच्या वस्तीवरच्या चढावर.

आप्पा रोज सकाळी मोटरसायकलवरून दूध घालायला जातात. मागे दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. गेल्या पावसाळ्यात वस्तीच्या खड्या चढावर त्यांनी गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडीचं पुढचं चाक चक्क वर उचललं गेलं. आप्पा पडले, मनगट सुजलं, दूध सांडलं. गावातला वेल्डिंगवाला म्हणाला, "चिमटा चार इंच वाढवून देतो, परत उचलणार नाही." चिमटा म्हणजे आपल्या पुस्तकातला स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक ज्याच्या टोकाला असतं आणि जो चॅसीला एका पिनेवर वरखाली हलतो तो.

त्याच आठवड्यात दुबईहून दादाचा फोन. माझा चुलतभाऊ तिथे एटीव्ही भाड्याने देणाऱ्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. "अरे, वाळूच्या चढावर गिऱ्हाइकांच्या गाड्या पुढून उचलतात. मालक म्हणतो, दहा इंच लांब चिमटे बसवू. तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, किती इंच घेऊ?"

प्रश्न दोन, पण गणित एकच. चला, मांडूया.

गाडी पुढून उचलते तेव्हा ती मागच्या ॲक्सलभोवती फिरू पाहते. तिला खाली दाबून धरतं ते गाडी आणि स्वार यांचं एकत्र वजन. ते जिथे एकवटलंय असं आपण धरतो तो गुरुत्वमध्य. तो मागच्या ॲक्सलच्या जितका पुढे, तितकी गाडी शहाणी, आणि जमिनीपासून जितका उंच, तितकी वांड. म्हणजे दोनच आकडे हवेत, पुढचं अंतर आणि उंची. दादाला म्हटलं, स्वार बसवून पुढच्या दोन चाकांखाली दोन वजनकाटे ठेव. एकूण 280 किलोपैकी पुढे 134 किलो भरलं. व्हीलबेस 1250 मिलिमीटर. 134 भागिले 280 गुणिले 1250, म्हणजे अंतर साधारण 600 मिलिमीटर. मग पुढची चाकं ओट्यावर चढवून पुन्हा वजन घेतलं. त्यावरून उंची निघाली अंदाजे 700.

आता वाळू. कोरडी वाळू ओतली की तिचा ढीग साधारण 34 अंशांपेक्षा जास्त खडा राहत नाही, घसरतो. टेकडीची वाऱ्याआडची बाजू याच कोनाची असते. म्हणजे त्याहून मोठा चढ सहसा भेटणार नाही. या चढावर पुढची चाकं उचलायच्या आधी गाडी किती प्रवेग घेऊ शकते? सूत्र सोपं आहे. अंतर भागिले उंची, गुणिले कोनाची कोसाइन, वजा साइन. उत्तर गुरुत्वप्रवेगाच्या पटीत येतं. मूळ चिमट्याला आलं 0.15. चिमटा 100 मिलिमीटर, म्हणजे चार इंच वाढवला की अंतर 700 होतं आणि उत्तर 0.27. आठ इंचांना 0.39. म्हणजे पहिल्या चार इंचांतच ताकद लावायची मुभा पावणेदोन पटींहून जास्त वाढली.

मग दहा इंच का नको? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण प्रत्येक इंच काहीतरी परत मागतो.

पहिलं, पकड. सपाटीवर मागच्या चाकांवर 52 टक्के भार होता, तो चार इंचांना 48 आणि आठ इंचांना 45 टक्के होतो. वाळूत ओढणारी चाकं मागचीच. तिथला भार कमी झाला की ती नुसती फिरतात, आणि पुढची नाक खुपसतात.

दुसरं, शॉकॲब्सॉर्बर. तो चिमट्यावर मूळ जागीच राहतो, चाक मात्र लांब जातं. चाकाला जाणवणारा कडकपणा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. मूळ चिमटा 450 मिलिमीटर धरला तर चार इंचांना स्प्रिंग एक तृतीयांश मऊ आणि आठ इंचांना जवळजवळ निम्मी! म्हणजे स्प्रिंग बदलणं आलंच.

तिसरं, मजबुती. चिमट्याच्या मुळाशी वाकवणारा जोर लांबीच्या प्रमाणात वाढतो. चार इंचांना 22 टक्के, आठ इंचांना 44. तुकडा जोडून केलेलं वेल्डिंग नेमकं इथेच तडकतं.

चौथं, वळण. आठ इंचांना वळायला 16 टक्के जास्त जागा लागते. शिवाय टेकडीच्या माथ्यावर पोट टेकून गाडी अडकते ती वेगळीच.

आणि एक गैरसमज. लांब गाडी उतारावरही सुरक्षित, असं दादाचा मालक म्हणत होता. पण उतारावर पुढे कोलांटी खाण्याचा हिशोब गुरुत्वमध्य ते पुढचं चाक या अंतरावर असतो, आणि ते अंतर चिमट्याने बदलतच नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसला शर्यतवाले आठ-दहा इंच वाढवतात, कारण त्यांना फक्त सरळ वर जायचं असतं. दादाची गिऱ्हाइकं वळतात, उतरतात, माथ्यावर फोटोला थांबतात. म्हणून नियम असा की आपल्या चढाला पुरेल तेवढाच वाढवा, सर्वात कमी. मी सांगितलं, चार इंच, अख्खा तयार चिमटा घे, जोडलेला नको, आणि स्प्रिंग कडक घे. चेन विसरू नकोस. वरून आणि खालून मिळून आठ इंच वाढतात. 520 नंबरच्या चेनची कडी 15.875 मिलिमीटरची, म्हणजे हिशोबाने 12.8 कड्या. पण कड्या जोडीनेच वाढतात, म्हणून 12 घाल आणि ॲक्सल तेवढा पुढे ॲडजस्ट कर. मागच्या ब्रेकचा पाइपही लांब लागेल.

दादाने एका गाडीला तसा चिमटा बसवून बघितला. "चढते रे, आणि वळतेपण," एवढंच म्हणाला. मालकाने दहा इंचांची ऑर्डर थांबवली.

आता आप्पांची गाडी. ती रस्त्यावर चालते, आणि मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. शिवाय कापून जोडलेल्या चिमट्यावर आप्पांनी रोज शंभर किलो ओझं न्यायचं, हे मला पटेना. मग लक्षात आलं की ॲक्सल मागे नेणं काय आणि ओझं पुढे आणणं काय, काम एकाच दिशेचं. कॅन ॲक्सलच्या मागे लटकत होते. कॅनची जाळी नटबोल्टची होती. ती सोडवून आम्ही कॅन पाय अडणार नाहीत इतपत पुढे घेतले, म्हणजे बरोब्बर ॲक्सलवर.

वेल्डिंगवाला जरा नाराज झाला. आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी चढाच्या वर जाऊन उभा राहिलो. गाडी आली, दोन्ही चाकं जमिनीवर. आप्पा न थांबताच म्हणाले, "कॉलेजात शिकवतात म्हणायचं काहीतरी!"