आजीला कुठला ‘बिंदू’ झालाय?

घरात आजी-आजोबांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, की रिक्षा आणायला, फॉर्म भरायला आणि नंतर वेळेवर ड्रॉप्स टाकायला हक्काचा माणूस कोण? कॉलेजात जाणारं नातवंड! पण आजीला झालाय तो मोतीबिंदू की काचबिंदू, असं कुणी विचारलं की आपली गाडी अडते. नावं भावंडांसारखी असली, तरी फरक मोठा आहे. मोतीबिंदूत अंधुक झालेली नजर बहुतेक वेळा परत मिळते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

लेन्स बदला, उजेड पाडा

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातली पारदर्शक लेन्स गढूळ होणं. ती ड्रॉप्सने साफ होत नाही, ऑपरेशनच करावं लागतं. पूर्वी लेन्स नुसती काढून टाकायचे आणि मग जन्मभर सोडावॉटरच्या बाटलीसारखा जाड चष्मा! १९४९ मध्ये लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी पहिल्यांदा कृत्रिम लेन्स बसवली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या ॲक्रिलिक काचेचे तुकडे डोळा सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांना तर आयडिया मिळाली दाताच्या डॉक्टरकडे. दात साफ करणाऱ्या अल्ट्रासाउंडच्या यंत्रावरून त्यांनी १९६७ मध्ये ‘फेको’ आणलं.

आज दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ लेन्स फोडून ओढून घेतात. तिथूनच घडी केलेली नवी लेन्स आत सोडतात, ती आत जाऊन उलगडते. बहुधा टाका नाही आणि त्याच दिवशी घरी. त्यामुळे ‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ हा सल्ला आता जुना झाला. लेसरने ऑपरेशनचे काही टप्पे करता येतात, पण खर्च वाढला म्हणून नजर जास्त चांगली होतेच असं नाही.

काचबिंदूची चोरपावलं

काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होत जाते, बऱ्याचदा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते. समोरचा पेपर वाचता येतो, पण बाजूने आलेली बाइक दिसत नाही. म्हणून नुसता चष्म्याचा नंबर तपासून भागत नाही. दाब, नसेचं ओसीटी स्कॅन आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी लागते.

उपचार इथेही बदललेत. एसएलटी नावाचं लेसर ओपीडीत काही मिनिटांत होतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात, आधी लेसर केलेल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही ड्रॉप्सविना आटोक्यात होता. काहींना मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येच सुमारे एक मिलिमीटरची नळी बसवता येते. पण हे सगळं उरलेली नजर टिकवण्यासाठी. ड्रॉप्स टाकून काही फरक जाणवत नाही, म्हणून आजी ते बंद करते आणि घात तिथेच होतो.

आता तुमचं काम

आजीच्या ड्रॉप्सचा अलार्म तुमच्या मोबाइलवर लावा. दोन्ही बिंदू असतील, तर महागडी मल्टिफोकल लेन्स घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण काचबिंदूत ती अनेकदा योग्य ठरत नाही. काचबिंदू घराण्यात उतरू शकतो, म्हणून आई-बाबा, काका, आत्या यांनाही तपासणीला धाडा. चाळिशी उलटली असेल तर नक्कीच.

आणि स्वतःसाठी एक गोष्ट. डोळे लाल झाले की मेडिकलमधून परस्पर ड्रॉप्स आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि ते आठवडेच्या आठवडे टाकत राहिलात, तर विशीतही काचबिंदू होऊ शकतो. तो कुणाचं वय विचारत नाही!