चारशे रुपयांत पाच राज्यं

पुणे ते खरगपूर हे रेल्वेचं अंतर सुमारे १९०० किलोमीटर आहे. शयनयान डब्याचं तिकीट साधारण सातशे ते आठशे रुपयांच्या दरम्यान पडतं. तेच तिकीट खरगपूरच्या आयआयटीत शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने सुट्टीत घरी येण्यासाठी महाविद्यालयाचा सवलतीचा कागद देऊन काढलं, तर चारशेच्या आसपास. किलोमीटरला वीस-बावीस पैसे! एवढ्यात रात्री आडवं व्हायला स्वतःचा बर्थ, डोक्यावर पंखा, नळाला पाणी, आणि खिडकीबाहेर महाराष्ट्र, छत्तीसगड, ओडिशा, झारखंड आणि पश्चिम बंगाल अशी पाच राज्यं. १ जुलै २०२५ ला रेल्वेने भाडं वाढवलं, तेव्हा मेल-एक्स्प्रेसच्या बिगरवातानुकूलित डब्यांसाठी ती वाढ होती किलोमीटरला एक पैसा. बाजारात पैशाचं नाणं दिसेनासं होऊन काळ लोटला, पण रेल्वेच्या भाडेपत्रकात ते अजून जिवंत आहे.

हे जमतं कसं? मला या प्रश्नाचं फार कुतूहल आहे, कारण त्याचं उत्तर शोधायला निघालं की भौतिकशास्त्र, कोळशाच्या खाणी, एक समाजवादी प्राध्यापक आणि आपल्या घरातलं विजेचं बिल अशी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली मंडळी एकाच डब्यात बसलेली सापडतात.

सुरुवात चाकापासून करू. पोलादी चाक पोलादी रुळाला जिथे टेकतं ती जागा जेमतेम एका नाण्याएवढी असते. रबरी टायर रस्त्यावर दबतो, पसरतो, तापतो आणि त्यात ऊर्जा वाया जाते. पोलाद जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे सपाट मार्गावर गाडी पुढे ढकलत ठेवायला लागणारा जोर रस्त्यावरच्या वाहनापेक्षा कित्येक पटींनी कमी. सहा हजारांहून अधिक अश्वशक्तीचं एकच विद्युत इंजिन बावीस डबे आणि हजारावर माणसं घेऊन विदर्भाच्या मैदानातून शंभराच्या वेगाने धावतं ते याच्याच जोरावर. एकदा वेग घेतला की पुढचा प्रत्येक किलोमीटर फार स्वस्तात पडतो.

भाडं ठरवण्याची रीतही याच वस्तुस्थितीवर बेतलेली आहे. प्रवास दोनशे किलोमीटरचा असो की दोन हजारांचा, तिकीट विकणं, फलाट सांभाळणं, डबे धुणं, गाडी जोडून उभी करणं हा खर्च एकदाच होतो. म्हणून अंतर वाढत जाईल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. शयनयानात किमान दोनशे किलोमीटरचं भाडं घेतात, आणि त्या टप्प्याला किलोमीटरला साठ पैशांहून जास्त मोजावे लागतात. दोन हजार किलोमीटरला हाच दर चाळीस पैशांच्या आत-बाहेर येतो. अंतर दहापट, भाडं पाचपट किंवा थोडं जास्त. मुंबईहून नाशिकला जाणाऱ्यापेक्षा खरगपूरला जाणाऱ्याचा प्रत्येक किलोमीटर स्वस्त असतो, आणि घरापासून सर्वांत दूर शिकायला गेलेल्याला या उतरत्या दराचा सर्वांत जास्त फायदा होतो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते आणि ती फार कमी मुलांना ठाऊक असते. कोल्हापूरच्या मुलाला खरगपूरला जाताना गाडी बदलावी लागते. त्याने कोल्हापूर ते पुणे आणि पुणे ते खरगपूर अशी दोन तिकिटं काढली, तर दर दोनदा वरच्या टप्प्यापासून सुरू होतो. आरक्षण खिडकीवर दोन्ही गाड्यांचं एकच सलग तिकीट मागितलं, तर अंतर सलग मोजलं जातं आणि भाडं कमी पडतं. किंवा तो महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडतो. कोल्हापूरहून गोंदियापर्यंत तेराशेहून जास्त किलोमीटर ही गाडी महाराष्ट्र न सोडता धावते, आणि गोंदियाला उतरून पुढची गाडी घेता येते.

पण रूळ आणि उतरता दर यांनी अर्धंच कोडं सुटतं. रेल्वेमंत्र्यांनी २०२५ मध्ये संसदेत सांगितलेला हिशेब असा: एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्याचा खर्च सरासरी १ रुपया ३८ पैसे, आणि प्रवाशाकडून मिळतात सुमारे ७३ पैसे. म्हणजे कुठलीही सवलत न घेता पूर्ण तिकीट काढणाराही सरासरी निम्म्याच खर्चात प्रवास करतो. २०२३-२४ मध्ये प्रवासी वाहतुकीतून रेल्वेला मिळाले सुमारे सत्तर हजार कोटी, आणि खर्चातली तूट होती साठ हजार कोटींच्या घरात.

ती तूट भरून काढणारा आपल्याच गाडीच्या शेजारून जात असतो. बिलासपूर सोडलं की खिडकीबाहेर बघत राहावं. चांपा जंक्शनला कोरबाचा फाटा येऊन मिळतो. कोरबाच्या पट्ट्यातली गेवरा ही जगातल्या सर्वांत मोठ्या कोळसा खाणींमध्ये गणली जाते. पुढे झारसुगुडाजवळ ईब खोऱ्यातल्या खाणी आहेत. या टापूत मालगाड्या एकामागून एक येतच राहतात. एकेका गाडीला ५८-५९ वाघिणी, आणि त्यांत मिळून जवळपास चार हजार टन कोळसा. २०२३-२४ मध्ये रेल्वेने एकूण सुमारे १५९ कोटी टन माल वाहिला आणि त्यातला जवळजवळ निम्मा कोळसा होता. मालाचं भाडं खर्चापेक्षा बरंच जास्त ठेवायचं आणि त्यातून प्रवाशाचं भाडं खाली ठेवायचं, हे आपल्या रेल्वेचं कित्येक दशकांचं धोरण आहे.

कोळशाचं वाढीव भाडं वीजकेंद्र भरतं, वीजकेंद्र ते विजेच्या दरात घालतं आणि तो दर आपल्या बिलात येतो. साताऱ्यात कुणी दिवा लावतं, इचलकरंजीत यंत्रमाग चालतो, तेव्हा त्या युनिटच्या दरातला एक बारीकसा तुकडा ओडिशातून जाणाऱ्या शयनयानातल्या कुणा अनोळखी विद्यार्थ्याच्या तिकिटात जमा होत असतो. त्या विद्यार्थ्याचे आईवडीलही घरचं बिल भरताना हेच करत असतात. मला हे कळलं तेव्हा मालगाडीकडे बघण्याची माझी नजरच बदलली. या व्यवस्थेवर अर्थतज्ज्ञ टीका करतात आणि तिच्यात तथ्य आहे: महागड्या भाड्यामुळे माल ट्रकवर जातो, वीज महागते. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत वीजकेंद्रांकडचा कोळसा संपत आला, तेव्हा कोळशाला वाट देण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. जो पैसे भरतो त्याचा रुळावर हक्कही मोठा असतो. तरीही माझं मत विचाराल तर गरीब घरातल्या मुलाला दोन हजार किलोमीटर दूर शिकायला पाठवण्याची ताकद देणारी ही व्यवस्था देशाने केलेल्या फार चांगल्या कामांपैकी एक आहे.

खरगपूरला नेणाऱ्या या मार्गाचा जन्मही मालासाठीच झाला. १८८२ पर्यंत नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज लोहमार्ग पोहोचला तो छत्तीसगडचं धान्य बाहेर काढण्यासाठी. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो थेट हावड्याशी जोडला. गोंदियाच्या पुढे दरेकसाच्या डोंगरातून गाडी महाराष्ट्र सोडते, स्थानकांच्या पाट्यांवरची मराठी संपते, आणि मनोहरपूर-चक्रधरपूरच्या बाजूला सारंडाचं सालवन लागतं. हा डोंगर, हे जंगल ओलांडण्याचं कष्टाचं काम सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. त्याची किंमत आजच्या तिकिटात नाही.

खरगपूर हे गाव याच कंपनीने वसवलं. जंक्शन झालं, मोठा कारखाना आला. तिथला १०७२ मीटरहून लांब फलाट पुष्कळ वर्षं जगातला सर्वांत लांब म्हणून ओळखला जात होता. तो मान आधी गोरखपूरने आणि २०२३ मध्ये हुबळीने घेतला. जवळच्या हिजलीला ब्रिटिशांनी राजबंद्यांसाठी छावणी उघडली होती. १६ सप्टेंबर १९३१ ला तिथल्या नि:शस्त्र बंद्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोन तरुण गेले. स्वातंत्र्यानंतर देशातली पहिली आयआयटी १९५१ मध्ये त्याच छावणीच्या इमारतीत सुरू झाली. संस्थेचा परिसर दोन हजार एकरांहून मोठा आहे. विमानाने जायचं तर कोलकात्याला उतरून परत शंभरावर किलोमीटर मागे यावं लागतं. पण देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून रेल्वेने तिथे पोहोचता येतं.

आणि आता तो प्राध्यापक. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे मधु दंडवते कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले आणि १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. तोवर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात झोपायला नुसती लाकडी फळी असे. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम घालायला लावला. लोकांच्या पाठीचा विचार करून घेतलेला इतका साधा आणि इतक्या लोकांपर्यंत पोहोचलेला निर्णय मला दुसरा आठवत नाही. २६ डिसेंबर १९७७ ला त्यांनी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू केली. लांब पल्ल्याची वेगवान गाडी, पण पहिला वर्गच नाही, सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. ही गाडी खरगपूरवरूनच जाते. पुढे तिला वातानुकूलित डबे लागले, पण वेगवान गाडी साध्या तिकिटाच्या माणसासाठीही असते, हे तिने तेव्हाच दाखवून दिलं. याच मार्गावर ज्ञानेश्वरी नावाची गाडीही आहे. गीतांजली आणि ज्ञानेश्वरी, बंगाल आणि महाराष्ट्राने एकमेकांकडे पाठवलेले दोन ग्रंथ.

राहिला सवलतीचा कागद. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह बहुतेक सवलती बंद केल्या. टिकल्या त्या अपंग प्रवाशांच्या, काही आजारांतल्या रुग्णांच्या आणि विद्यार्थ्यांच्या. सुट्टीत स्वतःच्या गावी जाण्यासाठी खुल्या गटातल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्गात आणि शयनयानात ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्याला ७५ टक्के सूट मिळते. वयाची मर्यादा पहिल्या गटाला २५ वर्षं, दुसऱ्याला २७. संशोधन करणाऱ्यांना संशोधनाच्या कामासाठीच्या प्रवासात ३५ वर्षांपर्यंत सवलत आहे. सूट मूळ भाड्यावर असते. आरक्षणाचे वीस आणि सुपरफास्टचे तीस रुपये पूर्ण द्यावे लागतात. तत्काळ तिकिटाला ही सवलत लागू नाही, आणि ती मोबाइलवरून मिळत नाही. संस्थाप्रमुखांच्या सहीशिक्क्याचा विहित नमुन्यातला दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर स्वतः जावं लागतं. गाव म्हणून महाविद्यालयाच्या दप्तरात नोंदलेलं गावच धरतात.

एवढ्या एका हेलपाट्यामुळे कितीतरी मुलं पूर्ण भाडं भरतात, आणि पुष्कळांना तर असा कागद असतो हेच माहीत नसतं. हे मला मनापासून खटकतं. वर्षाकाठी चार फेऱ्या करणाऱ्या मुलाचे यात हजारावर रुपये वाचतात, आणि ज्या घरातून तो आला आहे तिथे हजार रुपयांना वजन असतं.

तुमच्या घरातलं कुणी दूर शिकत असेल तर त्याला आजच फोन करा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. तेव्हा सुट्टीच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात कार्यालयात अर्ज द्यायचा, दाखला हातात येताच खिडकी गाठायची आणि येण्या-जाण्याची दोन्ही तिकिटं काढायची. आणि महाविद्यालयांच्या कार्यालयात काम करणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती आहे की, प्रवेशाच्या दिवसांतच हा नमुना सूचनाफलकावर लावा आणि दाखला मागायला आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी परत बोलावू नका.